कर्करोग आणि श्रद्धा: आधार कुठे होतो, ओझं कुठे होतं

पाणकणीस

कर्करोगाच्या रुग्णांसाठी समुपदेशन करणाऱ्यांना एक गोष्ट रोज दिसते. निदान झाल्यावर माणूस ज्या ज्या गोष्टींचा आधार शोधतो, त्यांत श्रद्धा फार वर असते, पण केसपेपरवर तिचा पत्ताच नसतो. रक्तगट असतो, ॲलर्जी असते, आणि धर्माच्या रकान्यात एक शब्द असतो. त्या शब्दावरून काहीच कळत नाही. एकाच घरातले, एकाच देवाला मानणारे दोन रुग्ण त्या श्रद्धेचा उपयोग अगदी उलट्या दिशेने करत असू शकतात.

मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी या दोन दिशा मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. तिच्या छोट्या रूपात 14 विधानं आहेत: सात सकारात्मक, सात नकारात्मक. सकारात्मक बाजूला देवाशी जवळीक वाटणं, त्याच्या प्रेमाचा आधार घेणं, राग सोडायला त्याची मदत मागणं अशा गोष्टी येतात. नकारात्मक बाजूला देवाने आपल्याला टाकलं, ही कसली तरी शिक्षा आहे, आपल्या धर्मबांधवांनी पाठ फिरवली, हे सगळं सैतानाचं काम आहे, असं वाटणं येतं. दोन्हींची बेरीज स्वतंत्र करतात आणि ते महत्त्वाचं आहे, कारण एकाच माणसात दोन्ही एकाच वेळी असतात. सकाळी मन लावून प्रार्थना करणारी व्यक्ती रात्री "माझं काय चुकलं" म्हणून जागी असते. पहिली गोष्ट सगळ्यांना दिसते. दुसरी कुणी विचारल्याशिवाय बाहेर येत नाही.

पार्गामेंट यांनीच आणखी एक वर्गवारी केली आहे आणि वॉर्डात ती जास्त कामाला येते. काही जण म्हणतात, "देवाने बुद्धी दिली आहे, आता माझं मी बघतो." काही म्हणतात, "मी काही करणार नाही, तोच बघेल." तिसरे म्हणतात, "मी गोळ्या वेळेवर घेईन, बाकी तो सांभाळेल." यांतला तिसरा प्रकार उपचारांशी सहसा सुरेख जुळतो. दुसऱ्या प्रकाराकडे लक्ष ठेवावं लागतं. त्यात चुकीचं काही आहे असं नाही. आजार हाताबाहेर गेल्यावर त्याच वृत्तीने शांती मिळते. पण उपचारांच्या ऐन मध्यावर ती आली, तर तपासणीची तारीख चुकते, ताप अंगावर काढला जातो, गाठ वाढत असूनही "बघू" म्हटलं जातं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: श्रद्धा आहे की नाही हे विचारून थांबू नये. ती या आजारात काय काम करते आहे हे विचारावं, आणि तेही पहिल्या दोन-तीन भेटींतच. शेवटच्या आठवड्यात विचारलं की रुग्णाला त्याचा एकच अर्थ कळतो.

या विषयात काम करणाऱ्या इतरांनीही लिहावं. औषधं, उपास, रेडिएशन, शेवटचे दिवस, सगळंच चालेल.

---

वाटाड्या

धागा योग्य वेळी आला. एक शंका आहे. हे प्रश्न डॉक्टरांनी विचारायचे की घरच्यांनी? घरात थेट "तुझा देवावर विश्वास उरलाय का" असं विचारणं अवघड जातं.

---

पाणकणीस

तसं विचारूच नये, वाटाड्या. त्या प्रश्नाला "हो" हे एकच उत्तर घरात चालतं, मग रुग्ण तेच देतो.

अमेरिकन डॉक्टर क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी 1996 मध्ये डॉक्टरांसाठी चार टप्प्यांची एक पद्धत आखली. ती पाच मिनिटांत होते आणि घरच्यांनाही वापरता येते. आधी, कठीण काळात तुम्हाला कशाने धीर येतो? (इथे देव, निसर्ग, नातवंडं, काम, काहीही उत्तर चालतं.) मग, या आजारात त्याचं किती महत्त्व आहे, त्याने उपचारांचे काही निर्णय बदलतात का? पुढे, यात तुमच्या सोबत कोण आहे, एखादा गट, मंडळ, गुरू? आणि शेवटी, यातलं आम्ही काय लक्षात ठेवावं असं वाटतं? हा चौथा प्रश्न लोक नेमका गाळतात, आणि सगळी उपयोगी माहिती त्याच्याच उत्तरात असते. "गुरुवारी केमो नको", "पुरुष नर्सने ड्रेसिंग करू नये", "सुई लावायच्या आधी दोन मिनिटं द्या" हे तिथे कळतं.

विचारून झालं की गप्प बसायचं. उत्तर यायला वेळ लागतो. मधली शांतता भरून काढायला "काही होणार नाही, देव आहे" असं म्हटलं की संभाषण तिथेच संपतं.

---

रात्रपाळी

ऑन्कॉलॉजी, म्हणजे कर्करोग विभागाच्या नर्सिंगमधून लिहिते. श्रद्धेमुळे उपचार अडतात असं फार बोललं जातं. खरं तर बहुतेक वेळा अडचण श्रद्धेची नसतेच, कुणी आधी विचारलेलं नसतं एवढंच. थोडा बदल केला की दोन्ही गोष्टी होतात.

सर्वांत मोठा विषय उपास. केमो चालू असताना उपास करू का, याला सरसकट "हो" किंवा "नाही" असं उत्तर नाही. ते औषधावर ठरतं. कॅपेसिटाबिनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, दिवसातून दोनदा, साधारण बारा तासांच्या अंतराने घ्यायची असते. उपासाच्या दिवशी ती उपाशीपोटी घेतली जाते किंवा गाळली जाते, आणि दोन्ही वाईट. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावी लागते. याउलट ॲबिरॅटेरोन रिकाम्या पोटीच घ्यायची असते. सिसप्लॅटिन हे केमोचं औषध दिल्यावर पुढचे दोन-तीन दिवस भरपूर पाणी लागतं, कारण मूत्रपिंडाला इजा होण्याची भीती असते. त्या दिवसांत निर्जळी उपास अजिबात नको. केमोबरोबर स्टेरॉइड असेल तर साखर वर जाते. मधुमेहाचा रुग्ण इन्सुलिन घेऊन उपाशी राहिला तर ती धाडकन खाली येते.

बहुतेक सगळ्या धर्मांत आजाऱ्याला उपासातून सूट आहे. इस्लाममध्ये आजारपणातले रोजे नंतर भरून काढायची किंवा त्याबदली गरजूला अन्न द्यायची मुभा स्पष्ट सांगितली आहे. ज्यू धर्मात जीव वाचवणं योम किप्पूरच्या उपासाहून वरचं मानतात. हिंदू परंपरेत आपद्धर्म आहे. पण हे नर्सने सांगितलं तर पटत नाही. रुग्ण ज्यांना मानतो त्यांच्या तोंडून ते यायला हवं. म्हणून त्या व्यक्तीला फोन लावायला सांगावं, तेही उपासाच्या आदल्या दिवशी नाही, औषधाचं वेळापत्रक ठरतं तेव्हाच.

दुसरा विषय गर्दीचा. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या मधे पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. उत्सव, यात्रा, सामूहिक प्रार्थना त्या काळात आली तर टाळावी. पुढच्या केमोच्या आधीचे तीन-चार दिवस बरेचदा सुरक्षित असतात, पण जाण्याआधी रक्ताची तपासणी बघून ठरवायचं. पिक लाइन (दंडातून मोठ्या शिरेत घातलेली नळी) किंवा पोर्टची (त्वचेखाली बसवलेल्या औषधाच्या डबीची) सुई लावलेली असेल तर नदीत, कुंडात, तलावात उतरायचं नाही. पाणी कितीही पवित्र असलं तरी त्यातले जंतू नळीवाटे थेट रक्तात जातात. हे पाणी तोंडात घेण्याची प्रथा असेल तर ते उकळून गार केलेलं वापरता येतं का, हे विचारावं. ताप 38 अंश सेल्सियसच्या वर गेला तर प्रार्थना गाडीत बसून करा, पण निघा. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका.

बाकी छोट्या गोष्टी. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळपायाची संवेदना कमी झाली असेल तर अनवाणी चालू नये, जखम कळत नाही. ऑक्सॅलिप्लॅटिन या दुसऱ्या औषधानंतर काही दिवस गार फरशीवर पाय ठेवला तरी झटके येतात, म्हणून मोजे घालून बसावं. प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कमी असतील तर डोक्यावर वस्तरा नको, यंत्राने केस बारीक करावेत. हाडांत आजार पसरला असेल तर साष्टांग किंवा गुडघे टेकून नमस्कार करण्याआधी डॉक्टरांना विचारा. खुर्चीत बसून मान लववली तरी चालते असं बहुतेक धर्मगुरू आनंदाने सांगतात. आणि घरी ऑक्सिजन लावलेला असेल तर दिवा, मेणबत्ती, उदबत्ती किमान तीन मीटर दूर. यात तडजोड नाही.

---

मात्रा

औषधविक्रीच्या काउंटरमागून थोडी भर.

काही रुग्ण कॅप्सूल घेत नाहीत, कारण तिचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे प्राणिजन्य असतं. ते हे सांगत नाहीत, कॅप्सूल पिशवीतच राहते आणि डॉक्टरांना वाटतं औषध लागू पडलं नाही. बऱ्याच औषधांची गोळी किंवा द्रवरूप मिळतं, तेव्हा आधी विचारा. कॅप्सूल उघडून भुकटी पाण्यात ढवळणं हा मात्र घातक उपाय आहे. केमोच्या कॅप्सूल घरी कधीही उघडायच्या नाहीत. भुकटी हाताला, श्वासाला लागते, शिवाय मात्रा बिघडते.

रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून दिलं जाणारं हेपरिन डुकराच्या आतड्यापासून बनवतात, कमी रेणुभाराचं हेपरिनही. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांच्यासाठी फोंडापॅरिनक्स हे पूर्णपणे कृत्रिम औषध आहे, शिवाय काही रुग्णांना तोंडाने घ्यायच्या गोळ्याही चालतात. मूत्रपिंडाचं काम बघून डॉक्टर ठरवतात. जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाचे रुग्ण रक्त घेत नाहीत. त्यांच्या बाबतीत कोणते रक्तघटक चालतील, कोणते नाहीत, हे शस्त्रक्रियेच्या बरंच आधी लेखी ठरवलेलं असावं.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त लपवली जाते. श्रद्धेच्या ठिकाणाहून आणलेली जडीबुटी, काढे, पुड्या. "हे औषध नाही, प्रसाद आहे," म्हणून ती औषधांच्या यादीत येत नाही. शरीराला तो फरक कळत नाही. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीने इमॅटिनिब आणि इरिनोटेकान या कर्करोगाच्या औषधांची रक्तातली पातळी खाली येते हे नीट माहीत आहे. म्हणजे रुग्ण गोळी अगदी वेळेवर घेतो आणि तरीही तिचा परिणाम कमी होतो. निनावी पुडीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं, कधी शिसं, पारा, स्टेरॉइडही निघतं. एक सोपा मार्ग असा की पुडी देव्हाऱ्यात ठेवा, कपाळाला टेकवा, पोटात घेऊ नका. बऱ्याच घरांना हा तोडगा मानवतो.

---

किरणशलाका

रेडिएशन विभागात कामाला येईल असं सांगतो. गळ्यातला ताईत, पदक, माळ उपचाराच्या भागात येत असेल तर ती रोज काढावी लागते. एमआरआयला धातूचं काहीही चालत नाही. रुग्ण बावरतो तो "काढा" म्हटल्यामुळे कमी, आणि ती वस्तू कुठेतरी ट्रेमध्ये टाकल्यामुळे जास्त. स्वच्छ रुमालात गुंडाळून नातेवाइकाच्या हातात द्यावी, किंवा रुग्ण खोलीतून बाहेर आल्याबरोबर दिसेल अशी ठेवावी. धातूऐवजी सुती दोरा किंवा कापडाचा तुकडा मशिनपासून दूर, म्हणजे पायात वगैरे बांधता येतो का, हे आधीच टेक्निशियनला विचारा.

रेडिएशनसाठी त्वचेवर केलेल्या खुणा पुसू नयेत. त्या भागावर भस्म, गंध, तेल, लेप काहीही लावायचं नाही. धातूचे कण असलेल्या लेपाने त्वचेला जास्त किरण बसतात आणि चोळण्याने सोललेली कातडी चिघळते. कपाळ किंवा मनगट उपचाराच्या भागात नसेल तर तिथे खुशाल लावावं.

स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूच्या हातात गच्च दोरा बांधू नये. सूज हळूहळू चढते, दोरा मांसात रुततो आणि "सोडायचा नसतो" म्हणून कुणी हात लावत नाही. त्याखालची त्वचा ओलसर, लाल होते, तिथून जंतुसंसर्ग शिरतो. दुसऱ्या हातात, दोन बोटं आत जातील इतका सैल बांधा.

---

सरळरेघ

चर्चा चांगली चालली आहे, पण एक प्रश्न बाजूला राहतो. प्रार्थनेने आजार बरा होतो का? "श्रद्धेचा उपयोग होतो" हे वाक्य ऐकून लोक नेमका तोच अर्थ काढतात. दूर बसून दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेची मोठी चाचणी 2006 मध्ये प्रसिद्ध झाली. ती हृदयाच्या बायपासच्या 1802 रुग्णांवर होती, कर्करोगावर नव्हती. प्रार्थना होते की नाही हे नक्की माहीत नसलेल्यांपैकी, प्रार्थना मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या गटांत गुंतागुंतीचं प्रमाण जवळपास सारखं, 52 आणि 51 टक्के निघालं. आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना नक्की सांगितलं होतं, त्यांच्यात ते 59 टक्के होतं.

दुसरीकडे, नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्या 281 रुग्णांचा अभ्यास 2018 मध्ये आला. त्यांच्यात मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट होता. मग श्रद्धेचं नेमकं मोल काय मानायचं?

---

पाणकणीस

सरळरेघ, प्रश्न रास्त आहे. प्रार्थनेने गाठ विरघळते असं म्हणायला आधार नाही, आणि कुठल्याही समुपदेशकाने तसं सुचवूही नये. श्रद्धेचं जे मोल दिसतं ते जगण्याच्या प्रतीत दिसतं. 2015 मध्ये 'कॅन्सर' या नियतकालिकात 44,000 हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं. ज्यांना अर्थ, शांती, देवाशी जोडलेपण जाणवत होतं त्यांनी स्वतःची प्रकृती, त्रास, रोजची कामं यांबद्दल जास्त बरं सांगितलं. हा परस्परसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. बरं वाटणाऱ्याला शांत राहणं सोपं जातं हेही खरं.

अजिबात धार्मिक नसलेल्या रुग्णालाही हे लागू पडतं. मनोविकारतज्ज्ञ विल्यम ब्राइटबार्ट यांनी, जगण्यातल्या अर्थाच्या शोधावर लिहिणारे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांच्या विचारांवर उभारलेली अर्थकेंद्री मानसोपचाराची पद्धत आहे. गटात आठ आणि एकेकट्यासाठी सात बैठका असतात, आणि त्यांत देवाचं नाव घ्यावंच लागत नाही. मला कुणाकडून काय मिळालं, मी काय उभं केलं, कोणावर प्रेम केलं, आता काय देऊन जायचं आहे, यावर टप्प्याटप्प्याने काम होतं. "तुमचा विश्वास नाही ना, मग तुम्हाला याची गरज नाही" असं म्हणून अशा रुग्णाला सोडून देतात, ते फार चुकीचं आहे.

---

शमन

पॅलिएटिव्ह केअरमध्ये, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांत काम करतो. इथे दोन-तीन गोष्टी मांडायलाच हव्यात.

आधुनिक हॉस्पिस (अखेरच्या काळातली शुश्रूषा) सुरू करणाऱ्या डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी वेदनेचे चार पदर मांडले: शारीरिक, मानसिक, सामाजिक आणि आध्यात्मिक. याचा व्यवहारात अर्थ असा की मॉर्फिनचा डोस दोनदा वाढवूनही दुखणं हलत नसेल, तपासण्यांशी ते जुळत नसेल, तर चौथा पदर तपासावा. मात्र उलटी चूकही होते. "त्यांचं दुखणं मानसिक आहे" म्हणून हाडाचं दुखणं अंगावर काढायला लावतात. आधी शरीर नीट तपासायचं, हा क्रम मोडायचा नाही.

बरेच भाविक रुग्ण मॉर्फिन नाकारतात, कारण शुद्ध हरपेल, नाव घेता येणार नाही अशी भीती असते. ती समजून घ्यावी, हसण्यावारी नेऊ नये. त्यांना सांगायचं की सुरुवातीची गुंगी बहुतेकांत तीन ते पाच दिवसांत उतरते. बद्धकोष्ठ मात्र उतरत नाही, म्हणून त्याचं औषध पहिल्या दिवसापासून. प्रार्थनेची वेळ ठरलेली असेल तर गोळीची वेळ तिच्याभोवती बसवता येते. आणि न दबलेलं दुखणं मन एकाग्र होऊ देत नाही, हे रुग्ण स्वतःच दोन दिवसांत सांगतो. फेंटॅनिल या वेदनाशामकाचा पॅच त्वचेवर लावला असेल तर होम, शेकोटी, गरम पिशवी यांच्या जवळ बसू नये. उष्णतेने औषध जास्त वेगाने शरीरात शिरतं.

आता चमत्काराबद्दल. अमेरिकेत बळावलेल्या कर्करोगाच्या 345 रुग्णांचा अभ्यास 2009 मध्ये आला. जे श्रद्धेचा खूप आधार घेत होते त्यांच्यात शेवटच्या दिवसांत व्हेंटिलेटरचा वापर 11.3 टक्के होता, कमी आधार घेणाऱ्यांत 3.6 टक्के. म्हणजे देवावर भरवसा ठेवणारा माणूस मृत्यू सहज स्वीकारतो हा आपला समज बरोबर नाही. "आपण प्रयत्न सोडले तर त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल" अशी धास्ती त्यामागे असते. त्याच संशोधकांच्या पुढच्या कामात दिसलं की उपचार करणाऱ्या चमूनेच आध्यात्मिक गरजांची दखल घेतली तर हॉस्पिसची निवड वाढते. फक्त बाहेरच्या धार्मिक गटाचाच आधार असेल तर उलट घडलं.

म्हणून घरचे "देव चमत्कार करणार" म्हणाले की डॉक्टरने आकडे काढू नयेत. 2014 मध्ये यासाठी चार पायऱ्यांची पद्धत सुचवली गेली. ती वाक्यांत अशी बसते:

"चमत्कार व्हावा असं तुम्हाला वाटतं, ते मला कळतं." पहिल्यांदा दुजोरा. "तुमच्याबरोबर मीही तीच आशा करतो." सोबत. "त्याचबरोबर तपासणीत मला काय दिसतं ते सांगायचं आहे, सांगू का?" इथे माहिती येते, आणि इथे "पण" हा शब्द वापरायचा नाही, त्या एका शब्दाने आधीची दोन्ही वाक्यं पुसली जातात. "पुढे काहीही झालं तरी मी तुमच्याबरोबर आहे." हे शेवटचं वाक्य उच्चारलं तर पाळायचं. पुढच्या राउंडला खरोखर यायचं.

यानंतर एक प्रश्न हळू विचारता येतो: "समजा चमत्कार झाला नाही, तर त्यांनी कुठे आणि कुणाच्या सोबत असावं असं तुम्हाला वाटतं?" पहिल्या भेटीत उत्तर मिळत नाही, तरी चालतं. प्रश्न घरात जातो आणि तिथे त्यावर बोलणं होतं.

---

वाटाड्या

शमन, "पण" टाळायचं हे लक्षात ठेवण्यासारखं. आता भेटायला येणाऱ्यांचं काय करायचं? "मागच्या जन्मीचं", "काहीतरी राहून गेलं असेल", "तुमची भक्तीच कमी पडली" असं बोलून जातात. रुग्णाला ते लागतं आणि घरच्यांना पाहुण्यांचा अपमान करायचा नसतो.

---

पाणकणीस

या वाक्यांनी होणारं नुकसान खरं आहे. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्गामेंट आणि सहकाऱ्यांनी आजारी ज्येष्ठांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. देवाने सोडलं, देवाचं प्रेम उरलं नाही, हे सैतानाने केलं असं वाटणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका जास्त आढळला. सगळेच कर्करोगाचे रुग्ण नव्हते, पण ही भावना नुसती "मनाची अवस्था" म्हणून सोडून देण्याजोगी नाही एवढं त्यातून कळतं.

आधी दाराशी. एका वेळी दोन जण, पंधरा मिनिटं, आणि आत जाण्याआधी घरातल्या एकाने सांगायचं: "त्यांना आजाराच्या कारणांबद्दल बोलायचं नाही. प्रार्थना करायची असेल तर त्यांना विचारून करा." बहुतेक पाहुणे ऐकतात, त्यांना काय बोलावं हेच सुचत नसतं म्हणून ते कारणं शोधत बसतात. वाक्य गेलंच तर पाहुण्याशी वाद घालू नका. तो गेल्यावर रुग्णाला विचारा, "ते जे म्हणाले, ते मनात अडकलं का?"

रुग्ण "हो" म्हणाला की आपली जीभ लगेच "छे, असं काही नसतं" म्हणते. ती आवरा. त्याऐवजी विचारा, "शिक्षा वाटते, ती कशाची?" बऱ्याचदा एक नेमकी गोष्ट निघते: न फेडलेला नवस, भावाशी तुटलेलं नातं, लपवलेलं व्यसन. नेमकी गोष्ट निघाली की तिचं काहीतरी करता येतं. नवस दुसऱ्या कुणी फेडला तर चालतो का, हे त्या परंपरेतल्या जाणत्याला विचारता येतं. भावाला फोन करता येतो. काहीच नेमकं निघालं नाही, नुसता "मीच का" उरला, तर त्याला उत्तर देऊ नका. तो प्रश्न देवाला विचारलेला असतो. रागाने देवाशी भांडणं हीदेखील प्रार्थना आहे, असं सांगणारा धर्मगुरू मिळाला तर रुग्णाला फार हलकं वाटतं. अशा माणसाला आधी भेटून घ्या आणि तो दोष देणारा नाही याची खात्री करा. उपचार थांबवायला सांगणाऱ्याला, पैसे मागणाऱ्याला, आणि "बरा झालास तर भक्ती खरी" म्हणणाऱ्याला दाराबाहेरच ठेवा.

---

रात्रपाळी

पाहुण्यांच्या बोलण्याइतकंच दुसरं एक दुःख असतं. केमोमध्ये लक्ष लागत नाही, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते, आणि "माझ्याने आता प्रार्थनाही होत नाही" म्हणून रुग्ण स्वतःलाच कोसतो. हा औषधांचा, थकव्याचा आणि झोपमोडीचा परिणाम आहे हे त्याला शब्दांत सांगावं.

मग नेहमीचा पाठ मोडून छोटा करायचा. एक ओळ, श्वास सोडताना. श्वास आत घेताना काही म्हणायचं नाही. पाच श्वास झाले की थांबायचं. मळमळ असताना उदबत्तीचा वास आणि मिटलेले डोळे दोन्ही त्रास देतात, तेव्हा डोळे उघडे, नजर एका जागी. तोंडात फोड आले असतील तर मनातल्या मनात, किंवा दुसऱ्याने म्हणायचं आणि रुग्णाने नुसतं ऐकायचं. माळ ओढताना बोटं बधिर असतील तर मोठ्या मण्यांची घ्या. केमोच्या दिवसापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी थकवा बराच असतो, तेव्हा ध्वनिमुद्रण हलक्या आवाजात लावून ठेवावं, आणि पंधरा मिनिटांनी बंद करावं. दिवसभर चालू राहिलं तर तेही नकोसं होतं.

---

सरळरेघ

आणखी एक. रुग्ण वारंवार "देवा, आता मला ने" म्हणतो. ही शरणागती मानायची की नैराश्य? घरचे दोन्ही अर्थ लावतात.

---

शमन

दोन्ही असू शकतं, म्हणून अर्थ लावत बसायचं नाही, विचारायचं. "ने म्हणता, म्हणजे तुम्ही तयार आहात असं वाटतं, की सहन होत नाही?" तयार असलेला माणूस त्यानंतरही नातवाची चौकशी करतो, जेवणाला नावं ठेवतो, भेटायला आलेल्याकडे बघून हसतो. सहन होत नसलेल्याला विचारा, काय सहन होत नाही? दुखणं, धाप, झोप, घरच्यांवर पडलेला भार, यांतलं जे निघेल त्याचा उपाय त्याच दिवशी सुरू करा.

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, आवडीच्या प्रार्थनेतही नाही, सतत स्वतःला नालायक ठरवणं, पहाटे जाग येणं, असं असेल तर ते नैराश्य असू शकतं. श्रद्धा वाढवून ते जात नाही, त्याला औषध आणि मानसोपचार लागतात. आणि पुढचा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारायचा: "स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यायचा विचार येतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" असेल, तर कसं करणार हेही विचारा, मॉर्फिन आणि झोपेच्या गोळ्या त्याच क्षणी दुसऱ्याच्या ताब्यात द्या, रुग्णाला एकटं सोडू नका आणि उपचार करणाऱ्या चमूला लगेच फोन करा, रात्र असली तरी.